हा हात कोणाचा?

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला त्याला आता बरीच वर्षे झाली. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला होता, त्यामुळे शरीराचे डावे अंग गेले. बोलणे शाबूत होते, माणसे ओळखत होते, घरच्या माडांचा पाडा झाला की नाही हेसुद्धा विचारत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेशेजारी बसलो होतो. त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, थोडा वेळ निरखून पाहिला आणि बाजूला सारला. मग मला म्हणाले, "हो हात म्हजो न्हय. कोणाचो हाडून हांगा दवरला?"

मी म्हटले, "बाबा, तुजोच तो हात." त्यांनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे, की तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा असणार, आणि मी तो त्याला देऊन टाकावा. हे ते चिडून सांगत नव्हते. चुकून आपल्या घरी आलेली दुसऱ्याची छत्री परत करायला सांगावी, इतक्या सहजपणे सांगत होते.

डॉक्टरांनी मला धीर दिला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रोग्यांच्या बाबतीत असे होते म्हणाले. पण माझी अस्वस्थता वेगळीच होती. रात्रीच्या जागरणासाठी मी घरून धर्मानंद कोसंबींचे 'समाधिमार्ग' नेले होते. बुद्धाच्या शिकवणीचा गाभा तो काय? हे शरीर, या वेदना, हे विचार, यांतले काहीही 'मी' नव्हे आणि 'माझे' नव्हे, हे नुसते ऐकून नव्हे तर स्वतः पाहून कळावे. त्यासाठी भिक्षूंनी जन्म वेचले. आणि इथे माझ्या वडिलांना, जे गणपती आणि कुळदेवतेपलीकडे कुठल्या तत्त्वज्ञानाच्या वाटेला गेले नव्हते, एका रात्रीत 'हे माझे नव्हे' असे दिसू लागले होते! मग ज्याला आपण प्रज्ञा म्हणतो, ती मेंदूतल्या एखाद्या शिरेच्या अडथळ्याने होणारी गोष्ट तर नव्हे ना? त्या रात्री हा प्रश्न डोक्यात शिरला तो गेला नाही. त्याचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला, तो आज सांगायचा आहे. त्याचा एक धागा आपल्या गोव्यातूनच जातो.

हा धागा सांकवाळचा. धर्मानंद कोसंबींचा जन्म तिथे १८७६ साली झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. घरचे माडांचे भाट सांभाळणारा हा तरुण 'बालबोधमेवा' मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र वाचतो काय, आणि त्या एका वाचनाने झपाटून १८९९ साली घरदार, बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून बाहेर पडतो काय! पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत, वाटेत संस्कृत शिकत, तो १९०२ साली सिंहलद्वीपाला पोचला आणि विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकू लागला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. ही सारी कहाणी त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात सांगितली आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. आपल्याकडे इतके निरलंकार आत्मचरित्र दुसरे क्वचितच असेल.

ज्या १८९९ साली कोसंबी घराबाहेर पडले, त्याच साली अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन नावाचा एक विद्वान वारला. लहानपणी मणक्याला झालेल्या दुखापतीने हा माणूस आयुष्यभर वेदनेत होता. हार्वर्डच्या परिसरात राहून तो बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची पाठशुद्ध आवृत्ती तयार करीत होता. काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला कोणी जाणकार हवा होता. त्या शोधातून हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांनी कोसंबींना गाठले आणि १९१० साली कोसंबी अमेरिकेला गेले. सांकवाळच्या भाटातून निघालेला माणूस हार्वर्डला, तेही पाली ग्रंथ शुद्ध करायला!

योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हार्वर्डचेच विल्यम जेम्स वारले. मन म्हणजे ठेवून दिलेली वस्तू नव्हे, तो वाहता प्रवाह आहे, हे त्यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात मांडले होते. पाली सुत्तांतही 'विञ्ञाणसोत' म्हणजे विज्ञानाचा स्रोत असा शब्द आहे. (इथे विज्ञान म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव.) एकाच विद्यापीठात एक जण निरीक्षणाने प्रवाहापर्यंत पोचला होता आणि दुसरा त्या प्रवाहाचा पंधराशे वर्षांपूर्वीचा नकाशा दुरुस्त करायला येत होता.

कोसंबींचे काम सरळ पार पडले नाही. ग्रंथाचे श्रेय कोणाला किती, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. पुन्हा हार्वर्डला गेले, एकदा नव्हे तर तीनदा. 'हार्वर्ड ओरिएंटल सिरीज'मध्ये ग्रंथ छापून आला तो १९५० साली. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून कोसंबींचे नाव आहे. त्यानंतर सहा वर्षांनी ञाणमोली या इंग्रज भिक्षूचे इंग्रजी भाषांतर कोलंबोहून निघाले, त्यातले परिच्छेदांचे क्रमांक याच आवृत्तीचे आहेत. पश्चिमेतल्या ध्यानाच्या अभ्यासकांचे बोट ज्या क्रमांकांवरून फिरते, त्यांमागे सांकवाळच्या माणसाचे श्रम आहेत. हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल? इथल्या तरी किती जणांना ठाऊक आहे?

आता त्या नकाशात काय आहे ते पाहू.

अभिधम्माच्या परंपरेत मन एकसंध नाही. क्षणाक्षणाला चित्त उपजते आणि लय पावते. बाहेरून काही आदळले नाही तर मन 'भवंग' या शांत, झोपेसारख्या प्रवाहात असते. काही आदळले की त्या प्रवाहाला हेलकावा बसतो, तो तुटतो, मन त्या इंद्रियाकडे वळते, पाहते, स्वीकारते, तपासते, ठरवते. मग सात क्षण त्या विषयाचा उपभोग घेते, दोन क्षण त्याची नोंद ठेवते आणि पुन्हा भवंगात बुडते. सगळे मिळून १७ क्षण. याला चित्तवीथी म्हणतात. ज्या 'अभिधम्मत्थसंगहा'त ही वीथी नेमकी मांडली आहे, त्यावरही कोसंबींनी 'नवनीत' नावाची टीका लिहिली.

जुन्या टीकाकारांनी यासाठी दिलेला दृष्टांत तर आपल्याच परसातला वाटावा असा आहे. एक माणूस डोक्यावरून पांघरूण घेऊन आंब्याच्या झाडाखाली झोपला आहे. वारा येतो, आंबा कानाजवळ पडतो. त्या आवाजाने तो जागा होतो, पांघरूण काढतो, पाहतो, आंबा हातात घेतो, दाबून बघतो, वास घेतो, पिकला आहे हे कळते, खातो, शेवटचा रस गिळतो आणि पुन्हा झोपतो. आपण मात्र म्हणतो, 'मी आंबा खाल्ला', आणि हा सगळा व्यवहार एका 'मी'च्या खात्यावर टाकून मोकळे होतो!

हे वाचून कोणालाही उत्साह येईल. तिथेच सावध व्हायला हवे. 'आमच्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते' असे म्हणायची आपल्याकडे फार हौस आहे. त्या हौशीला 'विसुद्धिमग्ग'च चांगला उतारा देतो. शरीराच्या ३२ भागांचे ध्यान सांगताना बुद्धघोष मेंदूपर्यंतही येतो. मेंदू त्याला कसा दिसतो? अळंब्याच्या गराच्या रंगाचा, पिठाचे चार गोळे एकत्र ठेवावेत तसा, कवटीत भरलेला मगज. बस्स. त्याच्या लेखी मेंदूचा आणि विचाराचा काही संबंध नाही! मनाचे आसन तो हृदयात, तिथल्या रक्तात मानतो. म्हणजे ज्या परंपरेने मनाच्या हालचालींचे इतके बारीक वर्णन केले, तिनेच मेंदूची गणना किळस यावी म्हणून स्मरायच्या पदार्थांत केली. आतून निरखून हालचाली कळतात, पण त्या कोणत्या अवयवाच्या आधारे होतात ते आतून दिसत नाही. कितीही डोळे मिटून बसा, मेंदूची जाणीव होत नाही. ती कवटी उघडूनच झाली.

हा फरक पुढे फार गमतीने समोर आला. १९८७ साली चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वारेला आणि दलाई लामा यांच्या पुढाकाराने धरमशाळेत शास्त्रज्ञ आणि बौद्ध विद्वान यांची पहिली बैठक झाली. पुढे १९९२ मध्ये वारेला, रिचर्ड डेव्हिडसन आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या विद्युतलहरी मोजायची यंत्रे घेऊन धरमशाळेला गेले. भिक्षूंना दाखवण्यासाठी वारेलांच्या डोक्यावर तारा बसवल्या, तेव्हा भिक्षू खो खो हसू लागले. डेव्हिडसनना वाटले, तारांच्या जंजाळात वारेला विचित्र दिसतात म्हणून ही मंडळी हसताहेत. कारण वेगळे होते. करुणा मोजायला आलात आणि तारा डोक्याला लावता? हृदयाला नाही? बुद्धघोषाचे हृदयवास्तू पंधराशे वर्षांनी त्या हशात जिवंत होते. डेव्हिडसन ही हकिकत स्वतःच सांगत असतात.

या डेव्हिडसन यांचाही एक धागा आपल्याकडून जातो. विद्यार्थिदशेत, १९७४ साली, ते हार्वर्डहून हिंदुस्थानात आले आणि डलहौसीला सत्यनारायण गोएंकांच्या शिबिरात बसले. गोएंकांनी ब्रह्मदेशात शिकलेली विपश्यना १९६९ मध्ये मुंबईला आणली होती, पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. तरुण कोसंबी ज्या ब्रह्मदेशात ध्यान शिकायला गेले, तिथूनच ही विद्या पुन्हा आली आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचली. पोथी पूर्वेकडून पश्चिमेला गेली होती, आता अनुभव गेला.

प्रयोगशाळेत काय हाती लागले? २००४ साली डेव्हिडसन आणि आंत्वान लुट्झ यांनी आठ बौद्ध साधकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाचे ध्यान दहा हजार ते पन्नास हजार तासांचे. करुणेचे ध्यान करताना त्यांच्या मेंदूतल्या गॅमा नावाच्या जलद लहरी नवख्या माणसांपेक्षा कितीतरी जोरकस आढळल्या. २००७ सालचा दुसरा एक प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. पडद्यावर अक्षरे भराभर सरकतात, त्यांत दोन आकडे लपलेले असतात. पहिला आकडा दिसल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत दुसरा आला तर बहुतेकांना तो दिसतच नाही. मन अजून पहिल्या आंब्याचा रस गिळत असते! तीन महिने विपश्यनेच्या शिबिरात राहून आलेल्यांना मात्र तो दुसरा आकडा पूर्वीपेक्षा अधिक वेळा दिसू लागला. लक्ष हे सरावाने बदलते, हे यातून दिसले.

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. अट्ठकथांच्या हिशेबाने चुटकी वाजवायच्या वेळात लक्षावधी कोटी चित्तक्षण होऊन जातात. त्या हिशेबाचा आणि प्रयोगशाळेतल्या घड्याळाचा मेळ बसत नाही, तो बसवायलाही जाऊ नये. आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाने मेंदूची रचनाच बदलते, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांतून वाचल्या. २०२२ मध्ये खुद्द डेव्हिडसन यांच्या गटाने मोठ्या चाचणीनंतर तसा बदल आढळला नाही असे जाहीर केले. मृत्यूनंतरही काही दिवस ध्यानात राहणाऱ्या लामांच्या मेंदूत कुठलीही विद्युतहालचाल सापडली नाही, हेही त्यांच्याच गटाने २०२१ मध्ये लिहिले. २००५ साली अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात दलाई लामांना भाषणाला बोलावले, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी सही करून विरोध नोंदवला होता. त्या विरोधात राजकारण किती आणि शास्त्रनिष्ठा किती, हा वाद बाजूला ठेवू. त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात दलाई लामांनी मात्र लिहून ठेवले, की बौद्ध मताचे एखादे विधान विज्ञानाने निर्णायकपणे खोटे ठरवले तर ते विधान सोडावे लागेल. धर्मपीठावरून असे म्हणणारे किती जण भेटतात?

आणि मूळ कोडे? मेंदूतल्या पेशींच्या विद्युतव्यवहारातून 'मला दिसते आहे' हा अनुभव मुळात उगवतो कसा? हा अवघड प्रश्न या नावानेच डेव्हिड चाल्मर्स यांनी तो १९९५ मध्ये मांडला. १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण नेमकी सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये, न्यू यॉर्कला, भर सभेत कोख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या चाल्मर्सना देऊन टाकल्या. उत्तर अजून कोणाकडेच नाही. प्रयोगशाळेकडे नाही, तसे पोथीकडेही नाही.

आता पुन्हा त्या खाटेकडे येतो.

डावे अंग लुळे पडले असून रोग्याला त्याची जाणीवच नसणे, याला बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली नाव दिले. स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटणे ही त्याच कुळातली अवस्था. १९९१ साली इटलीच्या डॉक्टरांनी अशा एका रोग्याच्या डाव्या कानात गार पाणी सोडले, आणि तेवढ्यापुरता तो हात पुन्हा त्याचा झाला. पाण्याचा परिणाम ओसरला, हात पुन्हा परका. 'माझे' या भावनेसारखी घट्ट दुसरी भावना नाही असे आपण समजतो. ती कानात सोडलेल्या गार पाण्याने येते आणि जाते! हे वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसलो.

मग बाबांना झाली ती प्रज्ञाच का? मला याचे उत्तर त्यांच्याच वाक्यात सापडले, पण सापडायला वर्षे लागली. ते नुसते 'माझा नव्हे' म्हणून थांबले नव्हते. 'कोणाचा?' असे त्यांनी लगेच विचारले होते, आणि शेजारच्या खाटेवर मालक शोधूनही दिला होता. हात बिनमालकाचा असू शकतो, हे त्यांच्या मनाला परवडत नव्हते. मेंदूतली इजा एवढीच, की एका मालमत्तेवरचे नाव पुसले गेले. मालकी लावणारा कारकून आपल्या जागी बसून पूर्वीइतक्याच तत्परतेने दुसरे नाव लिहीत होता. आजार हातावरचे नाव बदलतो. बुद्ध ज्याकडे पाहायला सांगतो तो हात नव्हे, तो हा कारकून. आणि त्याला काम करताना पाहायचे ते शुद्धीत, जागेपणी. बाबांना ते पाहता येत नव्हते. तसे पाहू गेले तर मलाही कुठे येते?

मेंदूशास्त्राने मला कारकुनाची कचेरी कुठे आहे ते दाखवले. कोसंबींनी शुद्ध करून ठेवलेल्या ग्रंथाने तो नोंदी कशा करतो हे पाहण्याची रीत सांगितली. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही बिघडतात, आणि एकाने दुसऱ्याला प्रमाणपत्र द्यावे ही अपेक्षाही चुकीची, असे आता मला वाटते.

कोसंबींनी स्वतः कधी अशी प्रमाणपत्रे मागितली नाहीत. पाठ शुद्ध असावा, अर्थ सामान्य मराठी माणसाला कळावा आणि पटेल ते जगून पाहावे, एवढेच त्यांनी केले. १९४७ साली, शरीर थकले आणि आता आपल्या हातून कोणाची सेवा होत नाही, उलट इतरांना त्रास होतो असे वाटले, तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी अन्न सोडले. ४ जूनला ते गेले. त्यांचा तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, मला स्वतःला तो पचवणे जड जाते. पण शरीरावरचा हक्क सोडण्याची ती रीत माझ्या वडिलांच्या 'म्हजो न्हय'पेक्षा वेगळी होती. कोसंबी कोणता हात सोडताहेत हे त्यांना ठाऊक होते.

बाबा झटक्यानंतर चार वर्षे जगले. हात परका वाटण्याची अवस्था तीन आठवड्यांत गेली, हात मात्र उचलला गेला नाही. एकदा मे महिन्यात मानकुराद चिरून त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. त्यांनी उजव्या हाताने एक फोड उचलली, डाव्या तळहातावर ठेवली आणि माझ्याकडे पाहून हसले. "हो म्हजोच, मरे," म्हणाले.